ज्याची शिट्टी त्यालाच ऐकू येईना

आमच्या इमारतीत तक्रार करायची झाली की लोक माझ्या दारावर थाप मारतात. नळाला पाणी नाही, जिन्यातला दिवा गेला, गटार तुंबलं, मालकाचा माणूस अरेरावी करतो, सगळ्यावर औषध मी. मला कुणी निवडून दिलेलं नाही. कारखान्यात असताना एकदा कुणीतरी ओरडायला हवं होतं, मी ओरडलो, आणि ते काम जे गळ्यात पडलं ते पडलंच. गळा मात्र चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही.

त्या रविवारी सकाळी दारात वरच्या मजल्यावरची नर्स उभी होती. रात्रपाळी करून आलेली, अंगावर अजून गणवेश, डोळे लाल.

"भाऊ, आज एक तर ती शिट्टी राहील, नाहीतर मी."

"कसली शिट्टी?"

"तुम्ही रविवारी सभा गाजवायला जाता, तुम्हाला काय कळणार! माझ्या खोलीत या, उशीला कान लावा. फरशीतून वर येते. बारीक. डोक्यात सुई घालून कुणी फिरवत बसल्यासारखं वाटतं. दर रविवारी."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. खरंच होतं. कुकरची नाही, पोरांची नाही. एकसारखी, श्वास न घेणारी, ऐकता ऐकता दात शिवशिवायला लावणारी शिट्टी. वास काढावा तशी मी तिची दिशा काढत गेलो आणि नर्सच्या बरोबर खालच्या खोलीसमोर थांबलो. ती खोली खुडबुड्याची.

खुडबुड्या हे नाव इमारतीने ठेवलेलं. तोंडावर सगळे काकाच म्हणायचे. माझ्याच कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. बिघडलेला पंखा, बंद पडलेलं घड्याळ, कुणाची इस्त्री, काहीही घेऊन जा, काका ते उघडणार. परत मिळेल तेव्हा ते चालू असायचंच असं नाही, पण आतून स्वच्छ पुसलेलं असायचं.

मी दार ठोठावलं. काकूंनी उघडलं. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, त्यावरून पदर. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्यासारख्याला कुणी ओठांवर बोट ठेवून दाखवलं की माझं डोकंच फिरतं. मी त्यांच्या बाजूने थेट आत.

खिडकीपाशी टेबल, टेबलावर पत्र्याची पेटी, झाकण उघडं, आत तारांचा गुंता. शिट्टी तिथूनच येत होती. खोलीत तर ती कानाला चावत होती. आणि काका त्या पेटीपुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून, एक खुंटी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होते. जणू खोलीत चिडीचूप शांतता आहे.

"या भाऊ, या!" मला बघून ते ओरडले. ते नेहमीच ओरडून बोलत.

"काका, शिट्टी बंद करा!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सवयीने काकूंकडे. मला दाट मिशी आहे, ओठांवर उतरलेली, आणि काकांना माझं बोलणं कधीच सरळ कळायचं नाही. मी बोलायचं, काकूंनी त्यांच्याकडे तोंड करून ते पुन्हा म्हणायचं, अशी आमची रीत. ऐकायला कमी येतं एवढंच मला ठाऊक होतं.

काकू त्यांच्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ म्हणताहेत, चहा चालेल."

मी बघतच राहिलो. आयुष्यात माझं भाषण कुणी इतकं सपशेल बदललं नव्हतं.

"मी चहा म्हणालो? काकू, अहो मी चहा म्हणालो?" मी पेटीकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग ओठांचा चंबू करून शिट्टी मारल्यासारखं केलं. चंबू मिशीतूनही दिसला असावा.

"शिट्टी?" काका म्हणाले. "कशाची? ह्याची?"

मी मान हलवली. त्यांनी पेटीला कान लावला. मग दुसरा कान. मग हसले. "नाही हो. बाहेर कुठे वाजत असेल." आणि दाखला मागायला ते काकूंकडे वळले. वळले आणि तिथेच थांबले. माझ्या मागून धावत येताना काकूंचा पदर घसरला होता.

"तो कापूस..." ते म्हणाले. "थंडी वाजते म्हणाली होतीस ना कानाला?"

काकांनी हात पुढे करून पेटीचं बटण बंद केलं. शिट्टी तुटली. वरून नर्सच्या खाटेची करकर स्पष्ट ऐकू आली, म्हणजे मला.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी चहा खरंच झाला, आणि पेटीचं पुराण मला तेव्हा कळलं.

काका हॅम होते, म्हणजे हौशी रेडिओवाले. पानपट्टीवर बसून लोक गप्पा मारतात तसं ही माणसं आकाशातून मारतात. सरकारी परवाना लागतो, परीक्षा लागते. काका ती प्रेसवर असतानाच पास झाले होते. तोंडाने बोलण्यापेक्षा त्यांना चावीचा षोक. चावी म्हणजे तारमास्तरांची जुनी टकटक, आखूड आणि लांब. त्या टकटकीवर त्यांना एक दोस्त मिळाला. दुसऱ्या गावचा, भेट कधी नाही, फोटो नाही. काका त्याला 'पलीकडचा' म्हणायचे. काकांचं लग्न, पलीकडच्याचं लग्न, इकडचा बंद पडलेला कारखाना, तिकडची वारलेली बायको, सगळं आखूड-लांबमध्ये. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले आणि एकमेकांचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाही.

मग दोन्हीकडे एकदमच घात झाला. काकांचा जुना सेट जळाला, ठिणगी उडाली नाही की धूर निघाला नाही, एका दुपारी नुसता गप्प झाला. आणि पलीकडच्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, चावी गेली. जीभ जड, पण शाबूत. तो आता तोंडाने बोलायचा. दर रविवारी सकाळी, ठरल्या वेळी, रेडिओच्या काट्यावरच्या ठरल्या जागी, हवेत. काकांकडे परत बोलायला यंत्र नव्हतं. ऐकण्यापुरती तरी पेटी असावी म्हणून काकांनी ती स्वतः बनवायला घेतली होती. पत्रासुद्धा स्वतः कापून वाकवलेला.

"फोन करा की," मी म्हणालो. काकूंनी माझं म्हणणं पुढे पोचवलं, यावेळी जसंच्या तसं.

"फोनवर मला गोंगाट ऐकू येतो. ही बोलते त्याच्या सुनेशी. निरोप देतात, घेतात." काका चिडले. "निरोप काय हो, निरोप कुणीही आणील. मला त्याचा आवाज ऐकायचाय. एकदा. माणूस आयुष्यभर ओळखीचा आणि आवाज माहीत नाही, असं असतं का कुठे?"

"आणि येतो का ऐकू?"

काका पेटीकडे बघत राहिले. "मला वाटायचं, तोच बारीक बोलतो. म्हणून मी आत आवाज वाढवणारा अजून एक टप्पा बसवला. मग अजून थोडा वाढवला." मग खाली मान घालून, "सुनेला मात्र सांगून ठेवलंय हिच्याकडून. अगदी स्वच्छ येतं म्हणून. नाही सांगितलं तर तो बोलायचा थांबेल ना."

काकू चहाचे कप उचलून आत गेल्या.

आता कानांचं सांगतो, कारण त्यावर माझा संताप अजून थंड झालेला नाही. प्रेसखान्यात आम्ही कान झाकायला साधनं मागितली, तर साहेब म्हणाला, कान झाकले तर यंत्र काय म्हणतंय ते कळणार कसं? आम्ही घोषणा दिल्या, दारात बसलो. साधनं आली तेव्हा काकांची नोकरी संपत आली होती. आणि खरं सांगायचं तर आली असती तरी काकांनी ती घातली नसती. बाकीचे कानांत चिंध्या कोंबायचे, काका नाही. ठोका बदलला की त्यांना कळायचं, साचा बोथट झालाय. त्याचा त्यांना भारी अभिमान. साहेबाचं ते वाक्य त्यांना पटलं होतं, याचा मला साहेबापेक्षा जास्त राग आला होता. पुढे कुठल्याशा शिबिरात कानाचं यंत्र मिळालं. ते घातलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं म्हणाले, आणि ते खणात गेलं.

मी निघालो तेव्हा काका दारापर्यंत आले.

"भाऊ, तुमचे कान कसे आहेत?"

मी अंगठा वर केला. उत्तम.

"मग थोडे दिवस उसने द्या."

मी आजवर कुणाच्या हाताखाली राबलेलो नाही. राबलो ते भांडून. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून आलो की मी त्या टेबलापाशी बसू लागलो. काम सोपं: शिट्टी आहे तोवर हात वर, गेली की हात खाली. सभेत ठरावाला लोक करतात तसं. काकू म्हणायच्या, "इतका वेळ हात वर ठेवलेला पुढारी मी पहिल्यांदाच बघतेय."

पहिल्यांदा काकांनी एरियलची तार काढली. माझा हात वरच.

"म्हणजे बाहेरची नाही. चोर घरातलाच."

मग आवाजाची खुंटी तळाला. हात खाली. अर्ध्यावर आणली, हात वर. आणखी पुढे, माझा हात वर आणि चेहरा वाकडा.

"बघा," त्यांनी टेबलावर खडूने चार चौकोन काढले. "ह्या चार खोल्या. आवाज पहिलीत बारीक शिरतो, प्रत्येक खोलीत मोठा होतो, चौथीतून स्पीकरमध्ये. आता चौथीतला आवाज कुठून तरी फट काढून पहिलीत परत शिरतोय. तोच पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. गोल गोल."

हे मला कळलं. सभेत माइक भोंग्यासमोर आला की तो किंचाळतो. मी हातांनी माइक आणि भोंगा करून दाखवला.

"तेच! पण आपल्या पेटीत माइक कुठाय? ही फट हवेत नाही, तारांत आहे." खात्री करायला त्यांनी स्पीकर काढून कानावरचे फोन जोडले आणि ते माझ्या कानाला लावले. मी ओरडलोच. शिट्टी होती तशीच होती. हवेतून फिरली असती तर स्पीकरबरोबर गेली असती.

मग फटीचा शोध. काकूंची विणायची प्लास्टिकची सुई घेऊन काका एकेक तार हळूच बाजूला सारायचे आणि माझ्याकडे बघायचे. एका तारेला सुई लागली की शिट्टी चढायची. मी बोट वर करायचो. सोडली की उतरायची, बोट खाली. ती खुंटीकडे जाणारी लांब तार होती. काढली, तिच्या जागी जाळीचं कवच असलेली घातली. शिट्टीने जागा बदलली, मुक्काम सोडला नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या खोलीमध्ये पत्र्याची भिंत उभी केली. काय सुरेख भिंत होती ती! कडा अशा दुमडलेल्या की बोट फिरवत राहावं. शिट्टी भिंतीला भ्याली नाही. मग पेटीभर जिथे तिथे पत्र्याला टेकवलेल्या तारा उपटून सगळ्या एकाच जागी आणल्या. नवी बॅटरी लावली. एवढं झाल्यावर शिट्टी खुंटीच्या अर्ध्याऐवजी जरा पुढे सुरू व्हायला लागली. तेवढीच प्रगती.

"जरा जरा तर जरा जरा," काका म्हणायचे. "हत्ती गेला, शेपूट राहिलं."

"शेपूटच वाजतंय," मी म्हणायचो. काकू पोचवायच्या.

एका संध्याकाळी ते बॅटरीच्या तारांवर एक मोठा कंडेन्सर लावून बघत होते. कंडेन्सर म्हणजे विजेची टाकी म्हणा. धक्के पोटात घेते. तो लावला आणि शिट्टी घसरली. बारकी होती ती जाड झाली. दुसरा लावला, आणखी जाड. मी बोट खाली खाली नेत होतो. आणि एकदम काका ताठ झाले. सुई हातातून पडली.

"ऐका," ते म्हणाले. आम्हाला!

"ऐका, ऐका! वाजतंय! हूंऽऽऽ असं वाजतंय! हीच का ती?"

मी जोरजोरात मान हलवली. काका उठून उभे राहिले. म्हातारा माणूस अक्षरशः हरखला होता. पेटीला कान लावायचे, दूर जायचे, मोरीपर्यंत जाऊन परत यायचे. "इथवर येतंय! अगं, इथवर येतंय!" आपल्या घरात आपल्याआधीपासून राहणारा पाहुणा पहिल्यांदा दिसावा तसं. काकूही हसल्या. मीही हसलो. वरून नर्सने काहीतरी आपटलं, तेही मला गोड वाटलं.

मग काका खाली बसले. हसू चेहऱ्यावर होतं, पण विसरून राहिल्यासारखं.

"एवढं जाड असलं तरच मला येतं तर," ते म्हणाले.

काकूंनी खाली पडलेली सुई उचलून टेबलावर ठेवली.

थोड्या वेळाने त्यांनी शेवटी बसवलेला तो जादा टप्पा, तो स्वतःच वाढवलेला, सोल्डर वितळवून सोडवला. बटण लावलं, खुंटी टोकापर्यंत नेली. माझा हात खाली. शिट्टीचा मागमूस नाही. टप्पा परत जोडला, हात वर. सोडवला, खाली. काका तंत्रात कच्चे नव्हते. पहिल्याच दिवशी हे करून बघता आलं असतं. त्यांनी ते शेवटासाठी का ठेवलं, हे मला त्यांचा चेहरा बघून कळलं. तो टप्पा काढला तर पेटी निर्दोष होती. फक्त तिच्यातलं काहीच त्यांना ऐकू येत नव्हतं.

तोवर पलीकडून सुनेचे फोन येत होते. दम लागतो. डॉक्टर बोलू नका म्हणतात. पण रविवार आला की ऐकत नाहीत, खुर्ची त्या यंत्रापुढे न्यायला लावतात. काकू म्हणायच्या, इकडे अगदी स्वच्छ येतं हो, त्यांना सांगा. आणि दम कसा आहे, हे विचारताना त्या काकांकडे पाठ करायच्या. तोंड दिसलं असतं तर त्यांना कळलं असतं.

रविवार आला. टप्पा काढलेला. मी नर्सला आधीच सांगितलं होतं, आज शिट्टी नाही. ठरल्या वेळी काकांनी खुंटी फिरवली, आणि खरखरीतून एक माणूस बाहेर आला.

काकूंनी हात तोंडावर ठेवला. इतके दिवस कापसातून, शिट्टीखालून त्यांनी जे ऐकलं असेल ते असेल; आज तो खोलीत बसल्यासारखा बोलत होता. सावकाश. ओठाची एक बाजू उचलत नसावी तसा, शब्द चावून मऊ झालेले.

"मी आलोय," तो म्हणाला. "तू आहेस. सूनबाई म्हणते, स्वच्छ ऐकतोस. बरं वाटलं." मग बराच वेळ नुसता श्वास. "तुझी चावी अजून कानात आहे बघ. शेवटचं अक्षर नेहमी घाईत मारायचास. गाडी सुटत असल्यासारखं." तो हसला, आणि त्यातून खोकला. "आवाज माझा कसा वाटला? घाबरला नाहीस ना? मला वाटलं होतं, तुला वाटत असेल मी कुणी भारदस्त गडी आहे..."

काका पेटीकडे बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते. माझ्या तोंडावरून काकूंच्या, काकूंच्या तोंडावरून माझ्या. आम्ही हसलो की तेही हसत, जरासं मागून. मग त्यांनी कान स्पीकरच्या कागदाला चिकटवला. डोळे मिटले, उघडले. नाही. घाईघाईने तो टप्पा परत लावला. सोल्डरचा डाग एका झटक्यात बसला. खुंटी वर. हूंऽऽऽ. त्यात माणूस बुडाला. खुंटी खाली. माणूस वर आला, पण आमच्यासाठी. कानावरचे फोन लावले. तेच. शेवटी त्यांनी सगळं सोडून दोन बोटं स्पीकरच्या कागदावर टेकवली, ताप बघावा तशी.

"थरथरतंय," ते म्हणाले. "बोलतोय तो. आत्ता बोलतोय."

थोड्या वेळाने त्यांनी बोटं उचलली.

"थांबला."

काकू पुढे झाल्या. सांगायला तोंड उघडलं, तशी काकांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांच्यापुरतं जगाचं बोलणं बंद. काकू तशाच उभ्या राहिल्या, वाक्य तोंडात धरून.

डोळे न उघडताच काका म्हणाले, "रेडिओला ओठ नसतात. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

मधले काही दिवस मी तिकडे फिरकलो नाही. काय करायचं होतं जाऊन? मला भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथे कुणाशी भांडू, पत्र्याशी?

मग एका दुपारी काका स्वतःच जिना चढून माझ्या दारात. धापा टाकत, एका पायात काकूंची चप्पल.

"भाऊ, आपण गाढवं आहोत."

मी कबूल केलं.

"इतके दिवस आपण पेटी दुरुस्त करतोय. पेटीला काय झालंय? त्याला सांगायला हवं होतं!" त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि तोंड मिटून गुणगुणायला लागले. "हूं. हूंऽऽ. हूं हूं. हूंऽऽ." थांबले. "कळलं? आखूड, लांब. हाताने नाही जमत तर गळ्याने. शब्द नकोतच. नुसतं गुणगुणायचं. सूर जितका जाड करायचा तितका मी इकडे खुंटीने करतो, चावीचा करायचो तसा, आणि नाही आला कानाला तर बोटाला येईल. परवा आला नव्हता का? आवाज त्याचा, अक्षरं आमची. अहो, आवाजच तर हवा होता मला!"

मला इतका आनंद झाला की मी शिवी दिली. मिशीमुळे ती त्यांना कळली नाही. आम्ही दोघं धडाधडा जिना उतरलो. काकूंनी फोन लावला. यावेळी काकांनी त्यांना समोर बसवलं, तोंड दिसेल असं, आणि म्हणाले, "आधी खरं सांग. म्हणावं, ह्यांना काही ऐकू येत नव्हतं. राग मानू नका. मग गुणगुणायचं सांग."

तिकडून सून बोलत होती. काकूंना मध्ये बोलायला जागा मिळेना. त्या नुसत्या "हो... हो... कधी?" म्हणत राहिल्या. पलीकडच्याला रविवारनंतर दुसरा झटका आला होता. माणसं ओळखतो. डोळे फिरवतो. पण आता गळ्यातून काहीच निघत नाही.

खरं सांगायचं होतं ते काकूंनी सांगितलं नाही. सांगून कुणाला? शेवटी सून म्हणाली ते मी बाजूला बसून ऐकलं, फोनचा आवाज मोठा होता. "पण काकू, एक समाधान आहे बघा. बोलणं बंद होईपर्यंत सारखं म्हणत होते, तिकडे माझा शब्द न् शब्द पोचतो."

काकूंनी फोन ठेवला. काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. काकूंनी पदराने तोंड झाकलं नाही, मान वळवली नाही. एकेक शब्द नीट उच्चारून, जसा आला तसा निरोप दिला. शेवटचं वाक्यसुद्धा. ते वाक्य मी असतो तर गिळलं असतं.

काका म्हणाले, "बरोबर आहे. मीच सांगायला लावलं होतं."

काही आठवड्यांनी तिकडच्या गच्चीवरचं एरियल उतरवलं गेलं, आणि त्यानंतर लवकरच पलीकडचा गेला.

मला वाटलं, आता पेटीचे भाग सुटे होऊन खणात जातील. नाही. काकांनी तो जादा टप्पा पुन्हा आत पक्का बसवला, मोठे कंडेन्सर लावले, झाकणाला स्क्रू मारले. रविवारी ठरल्या वेळी ते ठरल्या जागी खुंटी नेतात. तिथे आता कुणी नाही. मग आवाज वाढवतात, आणि पेटी हूंऽऽऽ करायला लागते. दुसरं त्यातलं त्यांना काहीच ऐकू येत नाही; एवढं येतं. काकू शेजारी विणत बसतात, कानात कापूस. आता पदर घेत नाहीत.

पहिल्या रविवारी मी नर्सकडे गेलो होतो. समजावायला म्हणून गेलो, पण माझा स्वभाव. दारातच आवाज चढला. "हे बघा बाई, रविवारी सकाळी शिट्टी वाजणार. ज्याला तक्रार करायची असेल त्याने माझ्याकडे करायची, आणि मी ती घेणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन कापसाचा एक नवाकोरा गठ्ठा घेऊन आली.

"हा काकूंना द्या. दवाखान्यातला नाही, विकत आणलाय. त्यांचा तो वातीच्या कापसाचा बोळा कानात सुटतो."

परवाच्या रविवारी मीही जाऊन बसलो होतो. पेटी चालू होती. जाड सूर, जिन्यापर्यंत जाणारा. टेबलावरचा कप बशीत वाजत होता. काकांनी खुंटी टोकापर्यंत नेली होती. तरी ते पुढे वाकले, कान लावला, दुसरा कान लावला. मग माझ्याकडे वळले.

"भाऊ, आहे का?"

मी हात वर केला.